वाचा गेली म्हणजे नेमकं काय गेलं? कॉटशेजारी बसून भाषा कशी तपासतात

स्ट्रोक झाला किंवा डोक्याला जबर मार लागला, माणूस शुद्धीवर आला पण बोलेना, की घरचे म्हणतात वाचा गेली. आणि त्याला जोडून दुसरं वाक्य ठरलेलंच असतं, "पण समजतं हो त्यांना सगळं." मी स्पीच थेरपिस्ट आहे, न्यूरोच्या वॉर्डात रोजचं फिरणं असतं, हे वाक्य ऐकलं की मी वरून हो हो करते आणि मनात म्हणते, बघू या. कधी ते अगदी खरं निघतं, कधी अर्धं, कधी अजिबात नाही. घरचे खोटं बोलत नसतात, त्यांना जे दिसतं तेच ते सांगतात. पण होतं काय, सून पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी राहते, ग्लास पुढे करते आणि विचारते "बाबा, पाणी देऊ?" आणि बाबा मान हलवतात. आता बाबांना वाक्य समजलं का ग्लास दिसला, हे त्यातून कुणालाच सांगता येणार नाही.

मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. स्ट्रोकच्या साधारण तीनातल्या एका पेशंटला सुरुवातीच्या दिवसांत तो कमीजास्त असतोच. तो तपासायला मोठमोठ्या टेस्ट आहेत, त्यांना तासतासभर लागतो, पण पहिल्या आठवड्यात पेशंटमध्ये तेवढा जीव नसतो, दहा मिनिटांत डोळे मिटायला लागतात. म्हणून कॉटशेजारी स्टूल ओढून, खिशातलं पेन, किल्ली, नाणं एवढ्या सामानावर एक छोटी तपासणी करतात. तिच्यामागचा विचार एकच आहे, भाषेला जे टेकू मिळत असतात, म्हणजे हातवारे, सवय, पाठांतर, समोर दिसणाऱ्या वस्तू, ते एकेक करून काढून घ्यायचे आणि नुसती भाषा स्वतःच्या पायावर उभी राहते का ते बघायचं. एमआरआयमध्ये डाग कुठे आहे ते कळतं, पण बाबांच्या "हो" वर भरवसा ठेवायचा का नाही हे एमआरआय सांगत नाही.

आधी तर हा भाषेचा प्रॉब्लेम आहे का हेच ठरवायला लागतं, कारण बोलता न येण्याची कारणं बरीच आहेत. जीभ-ओठांचे स्नायू कमजोर झाले तर बोलणं बोबडं, तोंडात घास असल्यासारखं येतं, पण शब्द बरोबर असतात, वाक्य बरोबर असतं, आणि अशा माणसाच्या हातात पाटी दिली तर तो व्यवस्थित लिहून दाखवतो. हा अफेजिया नाही, याला डिसार्थ्रिया म्हणतात. कुणाला बरेच दिवस व्हेंटिलेटरची नळी होती म्हणून आवाजच बसलेला असतो. कुणाला ताप, इन्फेक्शन, सोडियम कमी होणं यामुळे भ्रम झालेला असतो, तो माणूस असंबद्ध बोलतो पण त्याचं मूळ लक्ष न लागण्यात असतं. हे ओळखायला भाषेच्या आधी लक्ष तपासतात, वीसपासून उलटे आकडे म्हणा किंवा आठवड्याचे वार उलटे सांगा असं. अर्थात ज्याला बोलताच येत नाही त्याला हे कसं सांगणार, मग नुसतं बघायचं की तो आपल्याकडे बघत राहतो का, मधेच छताकडे नजर लावतो का, सकाळी एक आणि संध्याकाळी वेगळाच असतो का. अफेजियाचा पेशंट सहसा समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत असतो, धडपडत असतो. भ्रमातला माणूस दुसरीकडेच कुठेतरी असतो.

इथेच ग्लासगो कोमा स्केलची, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायच्या मापाची, एक गोची सांगते, कारण फाइलवर तो आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि नातेवाईक तो आकडा धरून बसतात. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगोमध्ये तो तयार केला, डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५ आणि हालचालीचे ६ असे मिळून १५ मार्क. आता अफेजियाचा माणूस टक्क जागा असला तरी बोलण्याचे मार्क त्याला मिळत नाहीत, आणि "हात वर करा" हे वाक्यच कळलं नाही तर हालचालीचाही एखादा जातो. म्हणजे जागा माणूस कागदावर अर्धवट बेशुद्ध दिसतो. म्हणून बेरीज न बघता तीन आकडे वेगवेगळे बघायचे, आणि बोलण्याच्या आकड्याशेजारी अफेजिया आहे असं लिहिलेलं असायला पाहिजे.

तपासणी सुरू करायच्या आधीची तयारी साधी आहे पण तीच राहून जाते. कानाचं मशीन घरी कपाटात, चष्मा अॅक्सिडेंटमध्ये फुटला, कवळी नर्सने काढून डबीत ठेवली, आणि आपण तपासतोय भाषा! आधी या वस्तू मागवायच्या. मग घरच्यांना विचारायचं, शिक्षण किती, पेपर वाचायचे का, घरात कुठली भाषा, कामावर कुठली. आणि हात कुठला. उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी साधारण ९५ टक्के लोकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, डावखुऱ्यांमध्येही साधारण ७० टक्क्यांची डावीकडेच, बाकीच्यांची उजवीकडे किंवा दोन्हीकडे वाटलेली. आपल्याकडे "लिहितात कुठल्या हाताने" हा प्रश्न मात्र फसवा आहे, कारण एका पिढीला शाळेत पट्ट्या मारून मारून उजव्या हाताने लिहायला लावलंय. हातोडी कुठल्या हातात धरायचे, चेंडू कुठल्या हाताने फेकायचे, असं विचारलं की खरं बाहेर येतं.

मग बोलायला लावायचं. "काय झालं तुम्हाला?" एवढाच प्रश्न, आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड जातं, विशेषतः शेजारी बायको उभी असेल तर, ती वाक्य पूर्ण करून टाकते. माणूस काही सांगत नसेल तर चहा कसा करतात ते विचारायचं, किंवा पेपरातला एखादा गर्दीचा फोटो दाखवून यात काय चाललंय सांगा म्हणायचं. परदेशी टेस्टमध्ये यासाठी एक प्रसिद्ध चित्र आहे, बोस्टनच्या १९७२ च्या टेस्टमधलं, मुलगा स्टुलावर चढून बिस्किटं चोरतोय, आईचं लक्ष नाही, सिंक भरून पाणी खाली वाहतंय. चित्र छानच आहे पण आपल्या आजींना ते घर, ती खिडकी, तो बिस्किटांचा डबा सगळंच अनोळखी, मग आजी अडखळतात त्या चित्रामुळे का आजारामुळे हे कळत नाही. त्यापेक्षा चहा बरा.

ऐकताना बघायचं की बोलणं वाहतंय का अडतंय. अडणारा पेशंट असा बोलतो: "चहा... पाणी... गॅस... हां... पावडर... ते... साखर... चहा!" एकेक शब्द ओढून काढल्यासारखा, घाम फुटतो, पण शब्द कामाचे असतात, आपल्याला चहा कळतो. क्रियापदं गळतात, प्रत्यय गळतात किंवा चुकतात. मराठीत "कर", "जा" असा हुकूम सोडला तर क्रियापद उघडं ठेवता येत नाही, त्याला काहीतरी शेपूट लागतंच, म्हणून पेशंट ते टाकून देण्याऐवजी भलतंच शेपूट लावतो, "बायको आला", "मी पडणे" असं. पण सावधान, ही चूक मोजायच्या आधी माणूस कुठला ते बघा. कोल्हापूरकडची बाई "मी आलो" म्हणाली तर ती तिची रोजची भाषा आहे, आणि विदर्भातला माणूस "करून राहिलो" म्हणाला तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पुण्यात शिकून आलेल्या नव्या थेरपिस्टने अशा ठिकाणी लाल शाई काढली की मला हसू पण येतं आणि राग पण येतो.

दुसरा प्रकार याच्या उलटा आणि जास्त फसवा. बोलणं सुसाट, चाल बरोबर, हेल बरोबर, पण आत काही नाही. "अहो ते मग तिकडनं घेतलं ना, मग त्याचं ते वरती करून ते सोडायचं, मग ते लटूर झालं की आपलं बसलं." लांबून ऐकलं तर वाटेल गप्पा चालल्यात. बऱ्याचदा या लोकांचे हातपाय धड असतात, कारण इजा मागच्या बाजूला असते, हालचालीच्या भागापासून लांब. त्यामुळे पॅरालिसिस दिसत नाही, तोंड वाकडं नाही, आणि आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना स्वतःलाही कळत नाही. मग घरचे म्हणतात डोकं फिरलं, कुणी म्हणतं बाहेरचं आहे, आणि फेरी देवऋषीकडून मानसोपचाराच्या ओपीडीपर्यंत जाते. जर्मन डॉक्टर कार्ल व्हर्निकेने १८७४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हा प्रकार नीट मांडला, तेव्हाही असे पेशंट भ्रमिष्टच समजले जायचे. तेवढ्यासाठी इथे थांबून सांगते, धडधाकट माणूस एकाएकी, मिनिटांत, अर्थ नसलेलं बोलायला लागला तर तो स्ट्रोक समजा, १०८ ला फोन करा, तोंड वाकडं व्हायची वाट बघू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते घड्याळ माणूस शेवटचा ठीक दिसला तिथून मोजतात.

ज्यांना एक शब्दही येत नाही असं वाटतं त्यांना मी पाढे म्हणायला लावते. मी सुरू करते, बे एके बे, बे दुणे... आणि तोंडातून "चार" येतो, मग सहा, आठ, सरळ विसापर्यंत. आरती येते, सोमवार-मंगळवार येतं, आणि शिव्या तर फारच स्पष्ट येतात. कॉटभोवतीचे सगळे खूश होतात, बाबा बोलले! मला तेव्हा वाईटपणा घेऊन सांगावं लागतं की ही पाठांतराची गाडी आहे, ती वेगळ्या रुळावरून जाते, पाढा आला म्हणजे चहा मागता येईलच असं नाही. पण ते फुकटही नाही, आवाज आहे, तोंड हलतंय, आणि पुढे थेरपीत याच वाटेने कधीकधी आत शिरता येतं.

आता समजण्याची तपासणी. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

पहिली गोष्ट, स्वतःचे हात मांडीवर ठेवायचे. खरंच. "डोळे मिटा" म्हणताना आपण नकळत डोळे मिटतो, "दाराकडे बघा" म्हणताना आपलीच मान वळते, आणि पेशंट आपली नक्कल करतो. दुसरी गोष्ट, डोळे मिटा, जीभ दाखवा, उठून बसा, या सूचना भाषा बरीच बिघडलेल्या माणसालाही जमून जातात, का ते पुरतं उलगडलेलं नाही पण जमतात एवढं नक्की. राउंडला मोठे डॉक्टर आले, जीभ दाखवा म्हणाले, जीभ बाहेर आली, फाइलमध्ये लिहिलं सूचना पाळतो, आणि गोष्ट तिथेच संपली, असं होऊ नये. मग समोर किल्ली, पेन, नाणं, रुमाल मांडायचे. किल्ली दाखवा. मग, पेन दाखवा आणि नंतर नाणं. मग, पेनने किल्लीला हात लावा. मग तेच फिरवून, किल्लीने पेनला हात लावा. वस्तू त्याच, शब्द जवळजवळ तेच, फक्त प्रत्यय इकडचा तिकडे, आणि तिथे बरेच जण घसरतात. इटलीत डे रेन्झी आणि विन्योलो यांनी १९६२ साली याच कल्पनेवर एक टेस्ट काढली, पाच रंगांचे गोल आणि चौकोन, लहान आणि मोठे, आणि सूचना अशा की वस्तू बघून अंदाज बांधताच येऊ नये. पाणी प्यायचा ग्लास बघून कळतं काय करायचं, हिरव्या चौकोनाचं मात्र काहीच ठरलेलं नसतं.

मराठीत या बाबतीत एक सोय फार छान आहे. "वाघाने सिंहाला मारलं, कोण मेलं?" हे सोपं. "सिंहाला वाघाने मारलं, कोण मेलं?" अर्थ तोच, क्रम उलटा, सगळं ओझं "ने" आणि "ला" वर. जो पेशंट फक्त शब्दांच्या क्रमावर चाललाय, पहिला आला तो मारणारा, तो इथे वाघ मेला म्हणून मोकळा होतो. रोजच्या बोलण्यात हे कधीच पकडलं जात नाही, कारण "मांजराने दूध प्यायलं" हे वाक्य प्रत्यय पुसून टाकले तरी कळतं, दूध काही मांजराला पीत नाही.

सूचना पाळल्या नाहीत म्हणजे समजलं नाही असंही लगेच ठरवायचं नाही. काही जणांना समजतं पण हाताला ती कृती जुळवता येत नाही, लकवा नसतानाही. म्हणून हो-नाहीचे प्रश्न, आणि ते जोडीने. तुमचं नाव विलास का? तुमचं नाव प्रकाश का? आपण आत्ता हॉस्पिटलमध्ये आहोत का? आपण एसटी स्टँडवर आहोत का? नुसता पहिला विचारला आणि "हो" आलं तर त्याला अर्थ नाही, कारण बरेच पेशंट सगळ्यालाच हो म्हणतात, आणि नाणेफेक केली तरी निम्मे बरोबर येतातच. त्यात आपली मान, आडवी का उभी का तिरकी कळत नाही इतकी डुलते, म्हणून मी अंगठा वर-खाली घेते किंवा बरोबर-चूक लिहिलेली दोन कार्डं ठेवते. कुठली खूण वापरायची ते आधी पक्कं करून मगच प्रश्न.

ही प्रश्नांची चिकाटी काही आजची नाही. पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये एप्रिल १८६१ मध्ये लबोर्न्य नावाचा पेशंट पायाच्या भयंकर इन्फेक्शनसाठी सर्जन पॉल ब्रोकाकडे आला. एकवीस वर्षं तो तिथेच राहत होता आणि काहीही विचारलं तरी "तान, तान" एवढंच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला तानच म्हणत. ब्रोकाने त्याला विचारलं, इथे किती वर्षं झाली? तानने हाताची पाच बोटं चार वेळा उघडली आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. ब्रोकाने दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत एकवीस. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तानच्या लक्षात आलं की आपली परीक्षा घेतायत, तो चिडला आणि त्याला येणारी एकुलती एक शिवी त्याने ब्रोकाला हासडली. मला हा किस्सा फार आवडतो, कारण अख्खी तपासणी त्यात आहे: बोलणं गेलंय, समज आहे, आकडे आहेत, आठवण आहे, शिवी आपोआप येते आणि स्वाभिमान जागेवर आहे. काही दिवसांतच, १७ एप्रिलला, तान वारला आणि मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातली इजा ब्रोकाने लगेच दुसऱ्या दिवशी मांडली, ती इतिहासात गेली. पण कॉटशेजारचं ते काम मेंदू कापण्याच्या आधीचं आहे. ब्रोकाचा दुसरा पेशंट लेलाँग, त्याच्याकडे पाचेक शब्द होते, त्यात आकड्यांसाठी फक्त एक, "तीन", तोही बोबडा. कुठलाही आकडा असो, तोंडाने तीनच म्हणायचा आणि बोटांनी खरा आकडा दाखवायचा. नुसतं ऐकलं असतं तर ब्रोकाने त्याला चूक दिलं असतं.

वस्तूंची नावं विचारणं हा भाग सोपा वाटतो. घड्याळ दाखवलं, घड्याळ म्हणाला, झालं. पण नाव न आठवणं हा अफेजियाच्या जवळजवळ सगळ्याच प्रकारांत सापडतो, आणि तो घड्याळाला न दिसता पट्ट्याला आणि काट्यांना दिसतो. शर्ट येतो, बटण येतं, काज येत नाही. पेन येतं, टोपण येत नाही. म्हणून नेहमीच्या वस्तूकडून तिच्या बारीक भागाकडे जायचं. चूक कशी होते तेही लिहून ठेवायचं, जेवायच्या काट्याला चमचा म्हणाला तर अर्थाच्या शेजारी गेला, घड्याळाला "घळ्याड" म्हणाला तर आवाजांची अदलाबदल झाली, "ते आपलं वेळ बघायचं" म्हणाला तर वळसा घालून पोचला, आणि "लटूर" म्हणाला तर शब्दच नवा जन्मला. अडला की पहिलं अक्षर द्यायचं, "किल्..." आणि त्याने "किल्ली" पूर्ण केलं तर शब्द आत आहे, दार अडकलंय. आणि हो, सत्तरीच्या आजोबांना काज आठवलं नाही म्हणून लगेच अफेजिया नको, जे शब्द घरच्यांच्या मते आजोबा रोज वापरायचे तेच विचारा. शेतकऱ्याला स्टेथोस्कोपचं नाव विचारण्यात काय अर्थ आहे.

मागोमाग म्हणायला लावणं, म्हणजे रिपिटिशन, याने इजा कुठे आहे त्याचा अंदाज येतो. एक शब्द, मग दोन, मग लांब वाक्य. कानाने ऐकणारा भाग, तोंडाने बोलणारा भाग आणि त्यांच्यामधला जोड हे सगळं धड असेल तरच वाक्य जसंच्या तसं परत येतं. काही पेशंटना समजतं छान, बोलतातही बरं, पण मागोमाग म्हणता येत नाही. उलट काहींना बोलता येत नाही किंवा समजत नाही पण पोपटासारखं म्हणून दाखवता येतं, हे हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या किंवा बीपी फार खाली गेलेल्या पेशंटमध्ये मी आवर्जून बघते, कारण तेव्हा मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सीमेवरचा भाग उपाशी राहतो आणि मधला भाषेचा पट्टा वाचतो. इंग्रजी टेस्टमधलं प्रसिद्ध वाक्य "नो इफ्स, अँड्स ऑर बट्स" मराठीत शब्दशः आणून उपयोग नाही, त्यातली गोम ही की ते सगळे बारीक, बिनचेहऱ्याचे शब्द आहेत. मराठीत मी "तो आला तरी ती जाणार नाही" असलं काही घेते. फक्त "कच्चा पापड पक्का पापड" घेऊ नका, ती जिभेची कसरत आहे, धडधाकट माणूसही आपटतो.

वाचन-लिखाण बहुतेक ठिकाणी वेळ नाही म्हणून सोडून देतात. निदान एक वाक्य कागदावर लिहून दाखवा, "डावा हात वर करा", तोंडाने काही न बोलता. आणि लिहायला सांगा, उजवा हात गेला असेल तर डाव्याने, अक्षर कसंही येऊ दे. सहीवर जाऊ नका, सही हे पाठ झालेलं चित्र आहे, पेन्शनच्या कागदावर झोकात सही करणाऱ्या माणसाला "पाणी" लिहिता येत नाही असं मी कितीदा बघितलंय. एक विचित्र प्रकार असतो ज्यात माणूस लिहितो व्यवस्थित आणि पाच मिनिटांनी स्वतःचंच लिहिलेलं त्याला वाचता येत नाही, फ्रान्समध्ये देजरीनने १८९२ मध्ये त्याची नीट उकल केली, मेंदूच्या मागच्या डाव्या भागातलं रक्त थांबलं की असं होतं. तोंडी बोलणं चांगलं असल्यामुळे वाचायला दिलंच नाही तर हा पेशंट "नॉर्मल" म्हणून घरी जातो.

आता भाषा एकाहून जास्त असतील तर? आपल्याकडे असतातच. बेळगावचा माणूस घरी मराठी आणि बाजारात कन्नड, मुंबईचा टॅक्सीवाला चार भाषांत भाडं ठरवतो, गोव्यातल्या जुन्या माणसाकडे कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज. स्ट्रोकनंतर या सगळ्या सारख्याच बिघडतात असं नाही, आणि परत येतानाही कुठली आधी येईल याचा एकच नियम नाही. रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये म्हटलं लहानपणीची आधी येते, पित्र या फ्रेंच डॉक्टरने १८९५ मध्ये म्हटलं आजार होताना जी जास्त वापरात होती ती. दोघांच्याही बाजूचे पेशंट सापडतात. म्हणून येत होत्या तेवढ्या सगळ्या भाषांत तपासायचं. मुलाकडे लंडनला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या आजींना तिथे स्ट्रोक झाला तर तिथला थेरपिस्ट इंग्रजीत तपासणार, आणि मधे दुभाषा म्हणून मुलगा. मुलगा प्रेमापोटी दोन गोष्टी करतो, प्रश्न विचारताना हाताने खुणावतो आणि आईचं तुटकं वाक्य जोडून, धुऊनपुसून इंग्रजीत सांगतो. आई म्हणाली "पोळी... तो... काल", मुलगा म्हणतो तिने काल पोळी खाल्ली. तपासणी गेली पाण्यात. तुम्ही कधी अशा जागी उभे असाल तर जसंच्या तसं सांगा, अर्थ लागत नसेल तर अर्थ लागत नाही असं सांगा, चुकीचा शब्द आला तर तो चुकीचा शब्दच सांगा. आणि शक्य असेल तर घरचा नसलेला, मराठी जाणणारा दुभाषा मागा.

बाइकवरून पडून डोक्याला मार लागलेल्यांचं चित्र स्ट्रोकपेक्षा वेगळं असतं. तिथे इजा एका जागी नसते, पसरलेली असते, त्यामुळे पुस्तकातला अफेजिया कमी दिसतो, नावं न आठवणं जास्त. वाक्य व्याकरणात बसतं, पण बोलणं भरकटतं, मुद्दा सुटतो, समोरच्याला बोलू देत नाही, चेष्टा कळत नाही, सासऱ्यांसमोर नको ते बोलून जातो. छोटी तपासणी हा मुलगा आरामात पास होतो, आणि घरी गेल्यावर घरचे म्हणतात हा आमचा राहिला नाही. त्याच्यासाठी वस्तूंची नावं विचारून भागत नाही, त्याला एखादी घडलेली गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावायची आणि दोन-तीन माणसांच्या गप्पांत बसवून बघायचं. शिवाय अपघातानंतर काही दिवस आजचं उद्या लक्षात राहत नाही असा काळ असतो, तो संपायच्या आधी केलेल्या तपासणीवर मोठे निष्कर्ष काढू नयेत.

एका दिवसाची तपासणी म्हणजे त्या दिवसापुरतंच उत्तर, हे तर सगळ्यांनाच लागू. पहिल्या काही आठवड्यांत भाषा झपाट्याने बदलते, सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत पडतो, पुढेही ती होत राहते पण हळू. माणूस बसायला लागला, थकवा उतरला की मग सविस्तर टेस्ट घेतात. कॅनडाच्या कर्टेशची १९८२ ची वेस्टर्न अफेजिया बॅटरी बरीच वापरली जाते, तिचा निर्देशांक शंभरपैकी ९३.८ च्या खाली आला तर अफेजिया धरतात. आकडा उपयोगी आहे, तीन महिन्यांनी तुलना करायला. पण ७० आले म्हणजे ७० टक्के समजतं असं नाही, हे घरच्यांना वेगळं सांगायलाच लागतं.

आणि कागदपत्रं. बँक, मृत्युपत्र, ऑपरेशनची संमती, यात लोक दोन टोकं गाठतात. एकतर बोलता येत नाही म्हणजे कळत नाही म्हणून पेशंटला विचारतच नाहीत, नाहीतर मान हलवली म्हणून अंगठा उठवून घेतात. अफेजिया म्हणजे बुद्धी गेली असं नसतं, त्यामुळे पहिलं चूक. आणि ज्याच्या हो-नाहीचा भरवसा तपासलाच नाही त्याची मान म्हणजे संमती नव्हे, त्यामुळे दुसरंही चूक. तोच मुद्दा उलटसुलट तीन-चार प्रकारे, लिहून, चित्र काढून, वेगवेगळ्या दिवशी विचारायचा आणि उत्तर तेच येतं का बघायचं, तानला विचारलं तसं.

फाइलमध्ये नुसतं "अफेजिया" लिहून ठेवलं तर रात्रपाळीच्या नर्सला त्याचा काडीचा उपयोग नसतो. मी एक कागद कॉटच्या डोक्याशी चिकटवते, घरच्यांनाही वाचता येईल असा मराठीत. परवाचा असा होता: लहान वाक्य समजतं, लांब समजत नाही. एका वेळी एकच गोष्ट विचारा. मान हलवतात त्यावर जाऊ नका, अंगठा बघा. सकाळी जास्त चांगलं बोलतात, दुपारनंतर त्रास देऊ नका. शब्द अडला तर पहिलं अक्षर द्या, अख्खा शब्द सांगू नका. कानाचं मशीन उशीखाली आहे, लावा. सोमवारी परत तपासणार.